सहलीची आखणी

सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती गाडी, मग फराळाचा डबा आणि मग खिडकीजवळची जागा. प्राणिसंग्रहालयाचा क्रम त्यानंतर लागतो. यात वावगे असे काही नाही. परंतु सहलीहून परतलेल्या मुलास "काय काय पाहिलेस?" असे घरी विचारावे आणि त्याने "वाघ पाहिला, माकडे पाहिली, साप पाहिले" एवढेच सांगून डोळे मिटावेत, असे पुष्कळदा घडते. वाघाचे चित्र तर त्याच्या पुस्तकातही होते. एवढा प्रवास करून आणि एवढा खर्च करून त्याने त्या चित्राहून अधिक काय आणले, हा प्रश्न उरतोच.

सहलीची आखणी करावयाची ती याच प्रश्नासाठी. आखणीचा आणखीही एक हेतू असतो. तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. प्राणिसंग्रहालय ही मुलांना पाहण्याची जागा असली, तरी प्राण्यांचे ते घर आहे. चाळीस-पन्नास पाहुणे एकदम कोणाच्या घरी जाणार असतील, तर त्या घरातील माणसांची सोय-गैरसोय आधी विचारात घ्यावी लागते.

पुण्याच्या दक्षिणेस सातारा रस्त्यावर कात्रज येथे पुणे महानगरपालिकेचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. पुण्यास प्राणी बाळगण्याची हौस जुनी. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. त्याच परिसरात १९५३ मध्ये पेशवे उद्यान सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे शाळांच्या सहली तेथेच जात असत. शहर वाढले, उद्यानाभोवतीची रहदारी वाढली, पिंजऱ्यांची जागा मात्र होती तेवढीच राहिली. तेव्हा १९९९ मध्ये कात्रजचे प्राणिसंग्रहालय स्थापन झाले आणि पेशवे उद्यानातील प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे हलविण्यात आले. त्याआधीच, १९८६ मध्ये, नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले होते. तलाव धरून हा सारा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे. कात्रजच्या तलावांना नानासाहेब पेशव्यांच्या काळापासूनचा इतिहास आहे; तेथील पाणी बंदिस्त नळांतून पुण्याच्या हौदांपर्यंत खेळविलेले होते.

आता अशी कल्पना करावी, की याच सातारा रस्त्याच्या आसपासच्या एका खेड्यातील शाळेने सातवीच्या वर्गाची सहल कात्रजला नेण्याचे ठरविले. वर्गात ४२ मुले-मुली. बहुतेकांच्या घरी एखादी गाय, म्हैस किंवा दोन-चार शेळ्या. या शेवटच्या गोष्टीचा सहलीशी काय संबंध, ते पुढे कळेल.

पहिला प्रश्न निघाला दिवसाचा. काही मुलांनी बुधवार सुचविला, कारण त्या दिवशी गणिताचे दोन तास असत. परंतु कात्रजचे प्राणिसंग्रहालय नेमके बुधवारी बंद असते. आठवड्यातून निदान एक दिवस प्रत्येक प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद ठेवावे, असा नियमच आहे. त्या दिवशी साफसफाई आणि डागडुजी निर्वेधपणे करता येते, आजारी जनावरांकडे नीट लक्ष देता येते आणि मुख्य म्हणजे प्राण्यांना माणसांच्या गलक्यापासून एक दिवस विसावा मिळतो. पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपवासही घडवितात. रानात त्यांना रोज शिकार मिळते असे थोडेच आहे! रविवार शाळेच्या दृष्टीने सोयीचा होता, पण त्या दिवशी शहरातील माणसांची एवढी दाटी होते की मागच्या रांगेतील मुलास पुढच्याच्या पाठीवाचून दुसरे काही दिसत नाही. शेवटी गुरुवार ठरला.

ऋतू कोणता निवडावा याविषयी मात्र मतभेद झाला नाही. उन्हाळ्यात बहुतेक जनावरे दुपारभर सावली धरून बसतात. थंडीच्या दिवसांत सकाळी ती मोकळ्या जागेत येऊन ऊन खातात. मगरीचे पाहावे तर तिच्या शरीरात गाईम्हशींप्रमाणे एकसारखी ऊब राहत नाही. बाहेरच्या हवेनुसार ते तापते व निवते. म्हणून थंडीतल्या सकाळी ती पाण्यातून वर येते आणि काठावर एखाद्या ओंडक्यासारखी निश्चल पडून राहते. ज्याला मगर पूर्ण, नाकपुड्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाहावयाची आहे, त्याने डिसेंबर-जानेवारीतच जावे. प्राणिसंग्रहालय सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते. तेव्हा दारापाशी त्याच वेळी हजर व्हावयाचे, म्हणजे गावातून सातपूर्वी निघावयाचे, असा हिशेब झाला.

यानंतरचे काम गुरुजींचे होते. सहल नेण्यापूर्वी त्यांनी एकदा एकट्याने कात्रजला फेरी मारली. पुष्कळ शाळांत ही फेरी अनावश्यक खर्च समजली जाते. परंतु जो मार्ग कोणीच पाहिलेला नाही, त्या मार्गावरून ४२ मुले नेणे हा खरा अविचार होय. गुरुजींनी प्राणी फारसे पाहिलेच नाहीत. पिण्याचे पाणी कोठे आहे, स्वच्छतागृहे कोठे आहेत, डबे खाण्याची जागा कोणती, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जाण्यास किती मिनिटे लागतात, हे सारे त्यांनी एका वहीत टिपून आणले. मोठ्यांना पाच मिनिटे लागतात तेथे मुलांच्या रांगेस आठ लागतात, हेही त्यांनी धरले.

मग फळ्यावर पुढील हिशेब मांडण्यात आला. साडेनऊ ते दीड म्हणजे चार तास, अर्थात २४० मिनिटे. पैकी तिकिटे, हजेरी व स्वच्छतागृह यांसाठी ३० मिनिटे आणि चालण्यासाठी ७० मिनिटे वजा जाता उरली १४०. या वेळात समजा ४० पिंजरे पाहावयाचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास साडेतीन मिनिटे येतात. साडेतीन मिनिटांत ४२ मुले कठड्यापाशी नीट उभीसुद्धा राहू शकत नाहीत. "म्हणजे आपण सगळे पाहावयाचे ठरविले, तर काहीच दिसणार नाही," असे एका मुलीने म्हटले. हिशेबाचा अर्थ तोच होता.

वर्गाचे सहा-सहा मुलांचे सात गट करण्यात आले. पाहण्याच्या जागा सहाच निवडण्यात आल्या: वाघ, चितळ, काळवीट, माकड, मगर आणि सर्पोद्यान. प्रत्येक गटाने वेगवेगळ्या जागेपासून आरंभ करावयाचा आणि प्रत्येक जागी वीस मिनिटे थांबावयाचे, म्हणजे एका कठड्यापाशी एका वेळी सहांहून अधिक मुले असणार नाहीत. सहा जागा आणि सात गट. तेव्हा प्रत्येक फेरीत जो गट मोकळा राहील, त्याने झाडाखाली बसून पाणी प्यावे आणि वह्यांतील नोंदी पुऱ्या कराव्यात. सात फेऱ्यांची बरोबर १४० मिनिटे झाली. बिबट्या यादीतून गळाला म्हणून वर्गात पुष्कळ गलका झाला, कारण गावच्या उसात दोनदा बिबट्याच्या पाऊलखुणा दिसल्या होत्या आणि त्याच्याविषयी प्रत्येकाजवळ एकेक गोष्ट होती. अखेर परतताना त्याच्यापाशी सर्वांनी थांबावे अशी तडजोड झाली. आखणीत अशा तडजोडींसाठी थोडी जागा ठेवलेली बरी असते.

वीस मिनिटे एकाच प्राण्यासमोर उभे राहून करावयाचे काय? हा या साऱ्या आखणीतील महत्त्वाचा भाग. प्रश्न हाताशी नसेल तर मुले तीन मिनिटांत कंटाळतात आणि कंटाळलेली मुले खडे मारू लागतात. म्हणून प्रत्येक जागेसाठी प्रश्न तयार करण्यात आले. आणि प्रश्न असे असावेत की त्यांचे उत्तर पुस्तकात सापडू नये, असे ठरले.

चितळ आणि काळवीट यांचेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्यवहारात दोहोंनाही हरणेच म्हणतात आणि दोघांच्याही डोक्यावर शिंगे असतात. परंतु ती शिंगे एक नव्हेत. चितळ नराच्या शिंगांना झाडासारखे फाटे असतात. ती भरीव हाडाची असून दरवर्षी गळून पडतात आणि त्यांच्या जागी नवी उगवतात. वाढत्या शिंगावर मऊ लव असलेली कातडी असते. तीत रक्त वाहत असते आणि धक्का लागल्यास ते शिंग दुखते. वाढ पुरी झाली की ही कातडी सुकते आणि नर झाडाच्या बुंध्याशी शिंगे घासून ती काढून टाकतो. काळविटाच्या शिंगांना फाटे नसतात. ती मळसूत्राप्रमाणे पिळदार असतात आणि एकदा आली की जन्मभर राहतात. त्यांच्या आत हाडाचा गाभा व बाहेर कठीण आवरण असते, जसे घरच्या शेळीच्या किंवा गाईच्या शिंगास असते तसेच. दिसण्यात काळवीट चितळाचा भाऊ वाटला, तरी कुळाने तो गाईशेळ्यांना अधिक जवळचा आहे.

हे सर्व वर्गात सहलीपूर्वीच सांगून झाले होते. मग चितळांसमोर विचारावयाचे ते काय? प्रश्न असा ठरला: "आज कळपातील किती नरांच्या शिंगांवर लव आहे, किती नरांची शिंगे पक्की झाली आहेत आणि किती नरांच्या डोक्यावर शिंगेच नाहीत?" चितळांत सर्व नर एकाच वेळी शिंगे टाकीत नाहीत, म्हणून तिन्ही प्रकारचे नर एकाच कळपात दिसण्याचा संभव असतो. या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसापूर्वी गुरुजींनाही ठाऊक नव्हते, आणि मुलांना तो आवडला तो त्याचमुळे.

वाघाविषयी अडचण वेगळी. तो दिवसाचे कितीतरी तास झोपून काढतो. मुले येतात, "ऊठ, ऊठ" म्हणून ओरडतात आणि निराश होऊन निघून जातात. परंतु झोपलेला वाघही पुष्कळ काही दाखवितो. त्याचे कान झोपेतही आवाजाकडे वळतात. प्रत्येक कानाच्या मागील बाजूस एक पांढरा ठिपका असतो. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एवढेच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टेही भिन्न असतात. म्हणून रानातील वाघांची गणना करणारे लोक छायाचित्रांतील पट्ट्यांवरून त्यांना ओळखतात. जी बाजू दिसेल त्या बाजूचे पट्टे वहीत उतरवून घेणे, हे वीस मिनिटांचे काम सहज होते. आणि वाघ उठून फिरत असेल, तर तो सगळीकडे फिरतो की एकाच वाटेने पुनःपुन्हा येरझारा घालतो, हे टिपावे. बंदिस्त जागेत कंटाळलेले जनावर कधी कधी अशा येरझारा घालू लागते. ती त्याची ऐट समजून टाळ्या पिटणारे प्रेक्षक प्रत्येक ठिकाणी भेटतात.

माकडांच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. माकडाने दात विचकले की ते हसले असे मुलांना वाटते आणि ती त्याला पुन्हा चिडवितात. वास्तविक दात दाखविणे हे माकडांमध्ये बहुधा भीतीचे किंवा धमकीचे चिन्ह असते.

सर्पोद्यानातील प्रश्न मात्र निराळ्याच हेतूने काढले होते. शेतात वावरणाऱ्या मुलास सापांची ओळख असणे ही केवळ माहितीची गोष्ट नव्हे. घोणस हा आपल्याकडील अतिशय विषारी साप. परंतु तिचे जाड अंग आणि संथ चाल पाहून पुष्कळ लोक तिला अजगराचे पिल्लू समजतात आणि हात घालतात. घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या, साखळीसारख्या नीट तीन रांगा असतात. अजगराच्या अंगावरील चट्टे वेडेवाकडे व एकमेकांपेक्षा वेगळे असतात. डिवचली असता घोणस मोठ्याने फूत्कार टाकते. तशीच दुसरी जोडी मण्यार आणि कवड्या यांची. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट होत जातात, तर बिनविषारी कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते आणि तिचा दंश प्रारंभी फारसा दुखतही नाही. हे फरक चित्रात पाहून ध्यानात राहत नाहीत. काचेच्या सुरक्षित बाजूस उभे राहून दोन्ही साप पाहिले म्हणजे राहतात. अर्थात घरात किंवा शेतात साप निघाला असता ओळख पटविण्यासाठी त्याच्याजवळ जावयाचे नाही, दुरूनच मोठ्या माणसांना हाक मारावयाची, हे गुरुजींनी दोनदा बजावले. काचेवर टकटक करावयाची नाही, हेही सांगितले. सापास बाहेरचा कान नसला तरी हादरे त्याला अंगभर जाणवतात.

इतकी तयारी झाल्यावर गोष्ट निघाली खाऊची. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खावयास घालणे किंवा गोंगाट करून त्रास देणे यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने मनाई आहे. परंतु कायदा का केला हे कळले नाही, तर तो केवळ फलकावर राहतो. एका मुलाने विचारले, "एका बिस्किटाने काय बिघडते?" त्याचे उत्तर वर्गानेच काढले. दिवसात हजार माणसे आली आणि दहांतील एकाने एकेक बिस्किट टाकले, तर शंभर बिस्किटे झाली. आणि ती सर्व चितळांना सारखी वाटली जात नाहीत, कठड्याजवळ येणाऱ्या दोन-चार धीट जनावरांच्याच पोटात जातात. चितळ हे रवंथ करणारे जनावर आहे. गाईप्रमाणेच त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि ते पाला व गवत पचविण्यासाठी घडलेले असतात. गाईने धान्याच्या पोत्यात तोंड घातले म्हणजे तिचे पोट कसे फुगते, हे शेतकऱ्याच्या मुलांना कोणी सांगावे लागत नाही. एका मुलाच्या घरची गाय खाऊच्या वासाने प्लास्टिकच्या पिशव्या गिळून गेल्या वर्षी दगावली होती. ही हकीकत सांगून झाल्यावर पुन्हा कोणी बिस्किटाविषयी विचारले नाही. भाकरी-भाजीचे डबे न्यावयाचे, वेष्टनातील खाऊ न्यावयाचा नाही, आणि डबा खाण्याच्या जागेवाचून इतरत्र उघडावयाचा नाही, असे ठरले.

प्रवासाची व्यवस्था थोडक्यात उरकली. राज्य परिवहनाची गाडी प्रासंगिक करारावर ठरविण्यात आली. शाळांच्या सहलींना महामंडळ भाड्यात सवलत देते. पालकांची संमतिपत्रे आली. प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांना तारीख व मुलांची संख्या कळविणारे पत्र गेले. तीन शिक्षक आणि चार पालक मिळून सात मोठी माणसे, म्हणजे गटागणिक एक. मुलांच्या २१ जोड्या पाडल्या. आपला जोडीदार दिसेनासा झाला की तत्काळ सांगावयाचे. औषधपेटी बरोबर घ्यावयाचे ठरले. शिट्टी मात्र गुरुजींनी यादीतून खोडली. रांग थांबविण्यासाठी हात वर करावा, असा संकेत ठरला.

डिसेंबरातील दुसरा गुरुवार नक्की झाला. वर्गणी जमली. आणि त्याच्या आठ दिवस आधी वर्गातील एका मुलीने सांगितले की घरची गाय दोन दिवस चारा खात नाही, तोंडातून लाळेच्या तारा गळतात आणि ती पुढचा एक पाय उचलून धरते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यातही तेच.

तो लाळ्या-खुरकूत होता. हा विषाणूपासून होणारा रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना, म्हणजे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांना होतो. तोंडात व खुरांमध्ये फोड येतात, जनावर खाणे सोडते, दूध आटते. मोठी गाय बहुधा वाचते. लहान वासरे पुष्कळदा वाचत नाहीत. माणसास या रोगाची भीती जवळजवळ नाही. पण चितळ, सांबर, गवा यांचीही खुरे दुभंगलेलीच असतात. २०२५ च्या जुलै महिन्यात कात्रजच्याच प्राणिसंग्रहालयात थोड्या दिवसांत पंधरा-सोळा चितळे मरण पावली होती आणि प्रयोगशाळेतील तपासणीत कारण निघाले ते लाळ्या-खुरकूत.

गुरुजींनी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी वर्गास सांगितले की सहल पुढे ढकलावी लागेल. वर्ग रुसला. "आम्ही चितळांना हातसुद्धा लावणार नाही," असे एकाने म्हटले; ते खरेही होते. परंतु हात लावावा लागतच नाही. आजारी जनावराची लाळ गोठ्यातील शेणमातीत मिसळते. ती चपलांच्या तळव्यांना आणि विजारीच्या काठांना लागते. त्यातील विषाणू माणसास काही न करता त्याच्याबरोबर प्रवास करतो. सकाळी सात वाजता गोठ्यातून निघालेली ४२ मुले साडेनऊला चितळांच्या कुंपणाशी उभी राहिली असती.

यावर वाद फारसा झाला नाही. ज्या मुलीने गाईची बातमी सांगितली होती, तिच्यावर मात्र दोन-तीन मुले दिवसभर रागावून होती. तिने गप्प राहावयास हवे होते, असे त्यांतील एकाने बोलूनही दाखविले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या घरचे वासरू आजारी पडले.

गाडीचा करार पुढे नेण्यात आला, संचालकांना नवे पत्र गेले. या रोगाविरुद्ध सरकारतर्फे जनावरांना दर सहा महिन्यांनी मोफत लस टोचली जाते; गावातील कोणत्या गोठ्यांत ती टोचून घ्यावयाची राहिली होती, याची यादी सातवीच्या मुलांनी घरोघर फिरून केली आणि दवाखान्यात नेऊन दिली. ही यादी सहलीच्या आखणीत नव्हती. पण सात गट तयारच होते आणि गावाच्या आळ्याही जवळजवळ तेवढ्याच. रोग ओसरल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरही गुरुजी काही आठवडे थांबले. अखेर जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी गाडी निघाली. निघताना प्रत्येकाने धुतलेले कपडे घातले होते. शाळेच्या दारात दोन घमेली ठेवली होती. त्यांत डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात धुण्याचा सोडा कालवून केलेले पाणी होते. त्या सकाळी गोठ्यात न गेलेली ४२ मुले आणि सात मोठी माणसे आपापली घासलेली पादत्राणे त्या पाण्यात बुडवून एकेक करून गाडीत चढली. खिडकीच्या जागेवरून भांडण झाले ते मग.

त्या दिवशी वाघ झोपलेला होता आणि मगर पूर्ण दिसली. परतल्यावर शनिवारी फळ्यावर सर्व गटांच्या नोंदी मांडण्यात आल्या. चितळांविषयीच्या नोंदी जुळेनात. एका गटाने लव असलेल्या शिंगांचे पाच नर लिहिले होते, दुसऱ्याने सात, तिसऱ्याने पुन्हा पाच. कळप हलत होता, काही नर झाडांमागे होते, आणि एका गटाने शिंगे नसलेल्या एका नरास मादी समजले असावे, असे निघाले. पहिल्या गटास आपले पाच अगदी पक्के वाटत होते. बराच वेळ चर्चा होऊनही आकडा ठरला नाही. शेवटी तिन्ही आकडे, तारीख आणि पाहण्याची वेळ वर्गाच्या नोंदवहीत लिहून ठेवण्यात आली आणि खाली एक ओळ घालण्यात आली: पुढील वर्षीच्या सातवीने कळप मोजताना कठड्याच्या दोन्ही टोकांस एकेक जण उभा करावा.